एकदाच गायचं गाणं

अहल्या वालावलकरांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत सगळे म्हणत. अहो, नाकाच्या शेंड्यावरचा राग येतो आणि जातो. बाईंचा राग बिऱ्हाड करून राहिलेला होता. मीटरपेक्षा जास्त मागणाऱ्या रिक्षावाल्यावर राग, खंडेराव मार्केटात पालेभाजीवर पाणी मारून वजन वाढवणाऱ्यांवर राग, पेटी उघडी टाकून जाणाऱ्या शिपायावर राग. पण हे सगळे किरकोळ. खरा मुरलेला राग एकाच गोष्टीवर होता, आणि ती म्हणजे 'वन्स मोअर'.

संगीत नाटकात पद रंगलं की आपले लोक 'वन्स मोअर' म्हणून ओरडतात आणि नट मागे फिरून तेच पद पुन्हा म्हणतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. बाईंना वाटत असे, आणि त्याला कारण त्यांचे वडील.

गोविंदराव वालावलकर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. दिवसभर डब्यांखाली आडवे, संध्याकाळी तालमीला उभे. रेल्वेवाल्यांच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक असे आणि नायक दरवर्षी गोविंदरावच. अहल्या अकरा वर्षांची असताना त्यांनी लढाईत घायाळ झालेल्या सरदाराचं काम केलं. सरदार शेवटचं पद म्हणतो आणि मरतो. वडील मेले तेव्हा पहिल्या रांगेत आईचा पदर धरून अहल्या हमसून हमसून रडली. तेवढ्यात मागून आरोळी आली आणि मेलेले वडील उठून बसले. त्यांनी फेटा सारखा केला, पेटीवाल्याकडे बघून सूर घेतला, पुन्हा गायले आणि पुन्हा मेले. असे ते त्या दिवशी चार वेळा मेले. लोकांनी त्यांना खांद्यावर बसवून घरी आणलं, आणि मागून अहल्या पाय आपटत चालत होती. 'माझं रडणं फुकट गेलं,' असं तिने आईला सांगितलं आणि दोन दिवस वडिलांशी अबोला धरला.

पुढे गुजरात वेगळं झालं. ओळखीतली काही घरं मुंबईला, काही पुण्याला गेली. गोविंदराव जागचे हलले नाहीत, बडोदं सोडून तालीम कुठे करू म्हणाले. अहल्या त्यांच्याकडेच पेटी शिकली. गळा यथातथाच, पण बोटांत जादू होती. युनिव्हर्सिटीच्या नाट्यविभागात ती संगीत शिकवायला लागली आणि तिची अहल्याबेन झाली. इथे मास्तरणीला मुलं बेनच म्हणतात, मग ती मालवणची असो नाहीतर भावनगरची. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर, 'माझा राग सांभाळणारा तुमच्या पाहण्यात आहे का कोणी?' असं ती उलट विचारी, आणि विचारणारा चहा संपवून निघून जाई.

विभागात वर्षानुवर्षं जुनीच नाटकं बसत. चाली ठरलेल्या, जागा ठरलेल्या, मुरक्या ठरलेल्या. मुलं आजोबांचा कोट अंगात घालावा तशी ती पदं गात, बाह्या लोंबत असायच्या. १९९० साली बाईंनी भांडून एक वर्ग पदरात पाडून घेतला. नवं संगीत नाटक, पहिल्या ओळीपासून मुलांनीच रचायचं. पहिला महिनाभर पेटीला मुलांनी शिवायचं नाही, फक्त बोलायचं. घरातलं भांडण सांगा. कुणाशी झालं, कशावरून झालं? आता ते इथे माझ्यासमोर भांडा. मूल खरोखर चिडलं की त्याचा आवाज एका ठिकाणी जाऊन थडके, आणि बाई पटकन पेटीवर तो सूर धरत. 'हा तुझा सूर. तुझी चाल इथून निघणार. बाहेरची चाल माझ्या वर्गात आणायची नाही.'

नियम दोनच होते. बोलून भागत असेल तर गायचं नाही. आणि गायचं ते एकदाच. 'कानाखाली मारल्यावर कोणी वन्स मोअर म्हणालं तर पुन्हा मारशील का? मग? नाटकातलं गाणं म्हणजे घडलेली गोष्ट. ती मागे फिरून पुन्हा घडत नाही.' हे सांगताना बाईंचा आवाज असा चढे की व्हरांड्यातून जाणारे लोक आत कुणाला फटके पडताहेत का ते बघायला थांबत.

विभागप्रमुख डॉक्टर सुभाष चिटणीस गोड माणूस होते. गोड माणसांचा बाईंना अधिकच राग. तिसऱ्या वर्षी त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

'अहल्याबाई, तुमच्या नव्या नाटकाला पन्नास माणसं येतात. त्यातली तीस मुलांच्या घरची. यंदा गावातल्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरा. पहिल्या तिनांत आलात तर वर्ग चालू. नाहीतर जूनपासून आपलं जुनंच बरं. लोकांना पदं ओळखीची लागतात हो.'

'लोकांना काय लागतं ते तुम्ही कधी विचारलंत?'

'पन्नासच आले, यात काय विचारायचं राहिलं?' चिटणीस हसून म्हणाले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अट मान्य करून त्या बाहेर पडल्या, कारण वर्ग गेला तर त्यांच्याकडे करण्याजोगं काही उरणार नव्हतं. पुन्हा तेच कोट आणि त्याच लोंबत्या बाह्या.

वर्गात नऊ मुलं होती, त्यातली दोन आपल्याला कामाची. नयना कदम कोयलीहून बसने येई, वडील रिफायनरीत. तिचा आवाज घोगरा, म्हणून आधीच्या वर्षी तिला पडदे रंगवायला बसवलं होतं. आणि आनंद मोरे. त्याच्या गळ्यात सूर नावाची वस्तूच नव्हती, पण पोरगा बघायचा फार बारीक. त्याचे वडील गणपतराव वर्कशॉपमध्ये होते, मे महिन्यात निवृत्त होणार होते, आणि त्याबरोबर तीस वर्षं राहिलेलं रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं. घरात त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं, म्हणून आनंद वर्गात बोलला. त्यातून नाटक उभं राहिलं, 'क्वार्टर नंबर सत्तावीस'. घरात मराठी, दारच्या ओट्यावर गुजराती, ऑफिसात हिंदी, बडोद्यात असतं तसंच. बाप नाटकभर कामावर असतो. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, तो दिसतो फक्त शेवटी.

शेवटच्या आधीच्या प्रवेशात सामान बांधून झालंय आणि आई लादी पुसत बसली आहे. उद्या ही लादी दुसऱ्याची. मुलगी चिडते, समजावते, फडकं ओढून घेते, आई ऐकत नाही. मग बोलणं संपतं आणि मुलगी गाते. मुलगी अर्थात नयना.

पुस गं आई, पुसून घे,
दुसऱ्याची लादी पुसून घे,
तीस वर्षं उभी होतीस
तो डागसुद्धा पुसून घे.

शब्द मुलांनी जुळवले. चाल बाईंची. नयना ज्या सुरावर चिडायची तिथून ती निघाली होती, आणि तीन महिने रोज थोडी थोडी घासून बाईंनी ती अशी करून ठेवली होती की नयनाचा घोगरेपणा हेच तिचं सोनं झालं.

त्यानंतरचा शेवटचा प्रवेश आनंदचा, बापाचं काम त्याचं. पाच मिनिटं. गाणं नाही, पेटी नाही. रेल्वेचा कारकून यादी वाचतो आणि बाप एकेक वस्तू दाखवतो. बल्ब चार. नळ दोन. कड्या सहा. मग कारकून कुलूप लावतो, बाप किल्ली त्याच्या हातात देतो, कारकून जातो. बापही निघतो, दोन पावलं जातो, परत येतो आणि दार नीट बंद आहे की नाही ते सवयीने ओढून बघतो. बस, एवढंच. तालमीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाईंनी पेटी मिटली. 'आपलं नाटक हे आहे. माझं गाणं म्हणजे इथवर चढायची पायरी.' असं त्या नऊ मुलांसमोर म्हणाल्या होत्या. स्वतःच्या तोंडाने.

स्पर्धेचा नियम साठ मिनिटांचा. साठावं मिनिट झालं की पडदा, आणि अर्धवट राहिलेलं नाटक बाद. यांचं नाटक एकोणसाठ मिनिटांचं होतं. आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बजावलं, 'गाण्यानंतर कोणी आरडाओरडा केला तर आपण बहिरे. नयना, जीव गेला तरी मागे फिरायचं नाही.'

फेब्रुवारीतला रविवार, सकाळी अकराची वेळ. हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत फत्तेसिंहराव शिर्के, वय ऐंशी, हातात चांदीच्या मुठीची काठी. जुन्या बडोद्यातले दर्दी म्हणून त्यांचा दबदबा होता, आणि ते मान डोलावतील तिथे मागच्या दहा रांगा डोलत. बाई गणेशोत्सवातल्या गाण्यांना चाली लावू लागल्या तेव्हापासून वीस वर्षं ते त्यांना एकच वाक्य ऐकवत आले होते: 'बाई, तुमच्या चालींना घराणं नाही. रस्त्यावर वाढलेल्या आहेत त्या.' बाई त्यांना तोंडावर उत्तर देत आणि घरी जाऊन दोन दिवस धुसफुसत. सहाव्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून गणपतराव बसले होते, शेजारी आनंदची आई सुनंदाबाई. शेवटी माझं काम आहे, एवढंच आनंदने घरी सांगितलं होतं.

नाटक चढत गेलं. बाई विंगेत पेटीवर होत्या, समोर घड्याळ. चोपन्नाव्या मिनिटाला नयनाचं गाणं संपलं.

मग फत्तेसिंहराव उठले. काठी टेकवत, थरथरत, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, 'वन्स मोअर.' लगेच सगळा हॉल ओरडायला लागला.

बाईंना संताप आला. खरंच आला, खोटं नाही सांगत. 'बसा खाली' हे शब्द ओठांवर आले होते. स्टेजवर नयना शिकवल्याप्रमाणे दगडासारखी उभी होती. पलीकडच्या विंगेत आनंद मिशी लावून, खाकी कोट घालून, हातात किल्ली घेऊन तयार होता. आरोळ्या थांबेनात. फत्तेसिंहराव अजून उभेच होते आणि डोळे पुसत होते. वीस वर्षं जो माणूस नाक मुरडत आला, तो बाईंच्या चालीसाठी रडत होता. वालावलकरांच्या पोरीच्या चालीला वन्स मोअर मिळत होता, तिच्या स्वतःच्या, कुणाकडून न घेतलेल्या चालीला, आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी भाता ओढला आणि सूर दिला.

नयनाने दचकून विंगेकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. बाईंनी ती पाहिली. आणि तोच सूर पुन्हा, जरा जोरात दाबला. कोणी त्यांचा हात धरला नव्हता, कोणी ढकललं नव्हतं. नयना काय करणार बिचारी? तिच्या बेनने सूर दिला होता. ती गायली, आणि पहिल्यापेक्षा चांगली गायली, हेही सांगायला हवं.

टाळ्या थांबेपर्यंत साठावं मिनिट संपत आलं होतं. आनंद आणि कारकून झालेला मुलगा स्टेजवर आले. 'बल्ब?' कारकुनाने विचारलं. आनंदने वर हात दाखवला. 'चार.' आणि पडदा आला.

मग काय विचारता. बाई विंगेतून सुटल्या त्या थेट संयोजकांवर. घड्याळ पुढे आहे तुमचं. टाळ्यांचा वेळ धरता कसा? शेवट तरी पुरा करू द्या, नंबर नका देऊ. संयोजक हात जोडून म्हणत राहिले, बाई, नियम सगळ्यांना सारखा. मग त्या चिटणीसांवर गेल्या. चिटणीस बिचारे खुशीत होते. 'अहो पण बघितलंत ना? लोकांना काय हवं असतं ते आज तुम्हीच दाखवलंत. गाणं! आता जूनपासून जुनं नाटक घेऊ, पेटीला तुम्हीच. असेच वन्स मोअर मिळतील.' बाईंना वाटलं, या माणसाला इथेच उचलून आपटावं. तेवढ्यात फत्तेसिंहराव आशीर्वाद द्यायला रंगपटात आले. 'बाई, आज जिंकलात.'

'जिंकले? माझं नाटक मारलंत तुम्ही. बाद झालं ते. ऐंशी वर्षांचे झालात, पण गप्प बसायला नाही शिकलात.'

म्हातारा गोंधळून बघत राहिला. कोपऱ्यात नयना साडीच्या पिना काढत होती.

'शिर्केआजोबांनी सूर नाही दिला, बेन,' ती म्हणाली.

बाई वळल्या.

'मी मान हलवली होती. तुम्ही पाहिली का?'

'पाहिली.'

'तरी?'

'मला हवा होता तो वन्स मोअर,' बाई म्हणाल्या. बस, एवढंच म्हणाल्या. आनंदने मिशी काढली, कोटाची घडी घातली, किल्ली कोटाच्या खिशात ठेवली आणि कोणाशी न बोलता तो आईवडिलांबरोबर निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. पण काही मुलं असं बरं वाटू देत नाहीत.

लोकांना ब्रह्मज्ञान सांगायचं आणि आपण कोरडे पाषाण. दुपारभर बाई घरात येरझारा घालत होत्या. जेवण गेलं नाही. आयुष्यभर राग दुसऱ्यावर काढायची सवय. आज तो काढायला माणूसच सापडेना. प्रत्येकाचं नाव घेऊन बघितलं, चिटणीस, शिर्के, घड्याळवाला, आणि प्रत्येक वेळी शेवटी स्वतःचाच हात पेटीवर दिसे. चार वाजता त्यांनी लूना काढली आणि प्रतापनगर गाठलं.

मोऱ्यांच्या क्वार्टरमध्ये भिंतीलगत आतापासूनच खोकी बांधून ठेवली होती. गणपतरावांनी लगबगीने खुर्चीवरचे कपडे उचलले. 'बसा मॅडम, बसा. अगं, चहा टाक.' मग स्वतः खोक्यावर बसले. 'मॅडम, गाणं फार छान झालं. ही पण अशीच पुसत बसते बघा, सांगून ऐकत नाही. आणि नशीब आमचं, दोनदा ऐकायला मिळालं.'

आनंद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

'याचं काम तेवढं काही कळलं नाही,' गणपतराव हसत म्हणाले. 'कोट घालून आला, चार म्हणाला आणि पडदा. म्हटलं, काय रे, याच्यासाठी वर्षभर तालमी? पण असतं, लहान काम पण कोणीतरी करायलाच लागतं.'

'लहान नव्हतं ते,' बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला लागला, त्यांना दुसरा येतच नव्हता. 'नाटक त्याचंच होतं. शेवटची पाच मिनिटं त्याची होती. ते गाणं दुसऱ्यांदा व्हायला नको होतं. माझ्या चालीला लोक ओरडले, मला मोह झाला, आणि त्याची पाच मिनिटं मी खाल्ली. नाटक बाद झालं ते माझ्यामुळे. वर्ग बंद झाला तोही माझ्यामुळे.'

सुनंदाबाई चहाचे कप घेऊन तिथेच थबकल्या. गणपतराव अवघडले. मोठ्या शिकलेल्या बाई आपल्या घरात येऊन असं बोलताहेत, याचं काय करावं ते त्यांना कळेना.

'जाऊ द्या हो मॅडम. कौतुक कुणाला नको असतं?'

'जाऊ देऊ नका,' बाई म्हणाल्या. 'असं जाऊ देत गेलात म्हणून तर... चिडा माझ्यावर. तुमचा हक्क आहे.'

पण गणपतरावांना चिडता येत नव्हतं. तीस वर्षांत ते साहेबावर चिडले नव्हते, यादी घेऊन येणाऱ्या कारकुनावरही चिडणार नव्हते. त्यांनी नुसतं मुलाकडे पाहिलं.

'पाच मिनिटं? एवढं काय होतं रे त्यात?'

आनंदने बाईंकडे पाहिलं नाही. तो खाली लादीकडे बघत होता.

'तुम्ही होतात, बाबा.'

सुनंदाबाईंनी कप खोक्यावर ठेवले. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किकवर किक मारण्याचा आवाज येत होता.

'मग आधी सांगायचंस की,' गणपतराव म्हणाले. 'मी पुढे बसलो असतो.'